वरचीचं बिल

२ एप्रिल

निम्मं! आमच्या बिलाच्या निम्मं!

बिलवाला सकाळी जिन्याखाली मीटरच्या बोर्डात दोन्ही बिलं खोचून गेला. आमचं काढलं आणि आकडा दोनदा वाचला. वरचीचं बघायचं नाही असं ठरवून घरात आले, भांडी लावली, पुन्हा बाहेर गेले आणि बघितलं. नुसती घडी घातलेला कागद असतो, पाकीट नसतं. त्यामुळे ह्याला चोरून वाचणं म्हणता येणार नाही.

हे मान्य की वर माझी धाकटी जाऊ एकटी. धाकटे भाऊजी बोटीवर, वर्षातून दोनदा घरी. पण आम्ही दोघं अर्धा दिवस घराबाहेर असतो आणि ही बया चोवीस तास घरात. चांगली हिशेबनीसाची नोकरी होती, गेल्या वर्षी सोडून दिली. का, तर म्हणे कंटाळा आला! आता भर दुपारी मधल्या खोलीत दिवा, स्वयंपाकघरात दिवा, बाथरूममध्ये कोणी नसताना दिवा. दार उघडं असतं, जिन्यातून सगळं दिसतं, दागिन्यांच्या दुकानासारखं लखलखत असतं वर. रेडिओ सकाळी लागतो तो झोपेपर्यंत. आणि बिल आमच्या निम्मं!

यांना दाखवलं. म्हटलं, काहीतरी चुकलंय. हे चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "चुकतंय ते आपल्याकडे. शिक जरा तिच्याकडून."

जरा!

४ एप्रिल

दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय. 'शिक जरा तिच्याकडून.' संसार मी किती वर्षं करतेय? ती ह्या घरात आली तेव्हा तिला कुकरची शिट्टी काढता येत नव्हती. मी शिकवली!

म्हटलं यांना, नवे पंखे घेऊ, ते कमी वीज खातात म्हणे. "छे! तिनं काय विकत आणलं?" बरं. मीही नाही आणणार. कवडी खर्च न करता करून दाखवते. मग बघू कोण कोणाकडून शिकतं.

१० एप्रिल

मोहीम सुरू. इस्त्री आठवड्यातून एकदाच, सगळे कपडे एका बैठकीत. शेवटचे रुमाल तर बटण बंद करून उरलेल्या धगीवर. टीव्ही रिमोटने बंद करायचा नाही, भिंतीवरच्या बटणाने. तो लाल ठिपका दिवसरात्र फुकट वीज खात बसतो. चार्जर काम झालं की काढायचे. कपडे धुवायचं मशीन गच्च भरल्याशिवाय लावायचं नाही. फ्रीज भिंतीला चिकटून होता, तो ओढून पुढे घेतला. एकटीने! मागे बोटभर धुळीचा थर. ट्यूबलाइटही पुसल्या, उजेड वाढला. मग एका खोलीत दोनऐवजी एकच लावली.

गिझर अंघोळीच्या थोडा आधी लावायचा आणि आत जाण्याआधी बंद. यांनी आतून बोंब मारली. "पाणी कोमट आहे!" म्हटलं, वरचीही कोमटच वापरत असेल. शिका जरा.

टॉवेल गुंडाळून पाय आपटत बाहेर आले.

१६ एप्रिल

पडद्यांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. बारापासून सहापर्यंत पडद्याच्या दुकानातच असते मी. कुठल्या कापडातून किती ऊन येतं हे बोटाने चाचपून सांगेन. आज घरातल्या पश्चिमेच्या खिडक्यांचे पडदे दुपारी निघतानाच ओढून घेतले, खालची कड वरवंट्याने दाबून ठेवली. संध्याकाळी आले तर खोली गार! पंखा एकवर पुरला.

दुकानात आज एक बाई खिडकीचं माप घेऊन आली, दांडीचं नाही. दांडी नेहमी खिडकीहून लांब असते. पडदा तोकडा पडला आणि भांडायला लागली. मी समजूत घालतेय तोवर काचेतून दिसली आमची महाराणी! रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, अगदी भिंतीला धरून, सावकाश सावकाश. मी हात केला. तिची नजर माझ्यावरून गेली. हो, माझ्यावरून! आणि ओळखसुद्धा दाखवली नाही. दुकानातल्या बाईसमोर माझा हात हवेत राहिला. मग मी त्याच हाताने केस सारखे केले.

एवढा कसला तोरा?

१७ एप्रिल

कालचं अजून जात नाही. तो पडदाही आठवला. मागे भाऊजी आले होते तेव्हा तिच्या मधल्या खोलीच्या दारासाठी मी हौसेने पडदा शिवून नेला होता. शेवाळी हिरवा, दुहेरी शिवण. तिनं बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "निळा छान दिसेल हो वहिनी." निळा! धड बघितलासुद्धा नाही. त्या दिवसापासून मी वर पाऊल टाकलेलं नाही, आणि टाकणारही नाही.

२३ एप्रिल

हे आज खोकं घेऊन जिना चढताना सापडले. विजेची शेगडी! तिच्यासाठी! "तिनं मागवली होती, आणून दिली." गॅस काय वाईट होता? का, तर "बरी पडते तिला."

मी ह्या घरात वर्षभर मिक्सरचं भांडं बदलून मागतेय. झाकण धरून बसावं लागतं, नाहीतर चटणी छताला. ते नाही आठवत यांना.

आणि आता बघते मी. विजेच्या शेगडीवर स्वयंपाक! आता तरी फुगेल तिचं बिल. फुगलंच पाहिजे.

२ मे

कोणाला सांगू? पानालाच सांगते. आमचं बिल वाढलं. वाढलं! आणि तिचं आणखी कमी झालं.

महिनाभर मी कोमट पाण्याने अंघोळ केली. अंधारात चप्पल शोधली. पाहुणे आले तर दिवा लावताना जीव खालीवर. आणि फळ कोणाच्या पदरात? तिच्या! मी एवढं झिजावं आणि कमी व्हावं तिचं! संताप संताप झाला. बोर्डासमोर उभी राहून रडले मी. जिन्याखाली कोळिष्टकं आणि मी.

हिनं मीटरला काहीतरी केलंय. नक्की. लोक लोहचुंबक लावतात असं ऐकलंय. दोन्ही मीटर नीट तपासले. रंगाऱ्याने गेल्या वर्षी जिना रंगवताना बोर्ड काढून पुन्हा बसवला, तेव्हा ऑइलपेंटने 'खाली' आणि 'वर' लिहून ठेवलंय. 'वर'च्या मीटरला काही चिकटवलेलं नाही. चाक हळूबाई फिरत होतं. आमचं गरगर!

हे जेवताना म्हणाले, "तू इतकं करतेस आणि वाढतंच कसं? वर जाऊन विचारून तरी ये, ती काय करते." म्हटलं, तुम्हीच विचारा. नाहीतरी तिचं बिल तुम्हीच तर वाचून दाखवता दर महिन्याला! तिला काय वाचता येत नाही?

ह्यावर यांनी ताटातला भात तसाच सोडला आणि हात धुवायला उठले.  

११ मे

उपाय सापडला! दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, "मी परगावी जाताना मेन स्विचच पाडून जाते. ना रहेगा धोका, ना येणार बिल." मी म्हटलं, परगावी कशाला? मी रोजच बाहेर जाते की! बारा ते सहा घरात कोणी नसतं. मग ती वीज घरात हवी कशाला?

फ्रीजचं काय, विचारलं. त्या म्हणाल्या, उघडला नाही तर तेवढा वेळ तग धरतो.

उद्यापासून घराला कुलूप, मग जिन्याखालचा, 'खाली' लिहिलेला मेन खटका पाडायचा. यांना सांगायचं नाही. हे सातला येतात, त्याआधी मी येऊन खटका वर केलेला असणार. बिल आलं की मगच तोंडावर टाकायचं!

१२ मे

पाडला. जुना लोखंडी खटका आहे, दोन्ही हातांनी ओढावा लागतो. केवढा आवाज, अख्खा जिना दणाणला. पण हलकं वाटलं.

१४ मे

गंमत म्हणजे फ्रीजमधलं बर्फसुद्धा वितळत नाही! पाणी गारेगार. एवढी वर्षं आपण उगाच वीज जाळत होतो म्हणायची.

१९ मे

महाराणींनी आज जिन्यावरून अख्खं पातेलं दूध बाहेरच्या मोरीत ओतलं. नासलं म्हणे. परवाही ओतलं होतं. श्रीमंती बघा! फ्रीज असून दूध नासतं, आणि नासलं तरी पर्वा नाही. भाऊजी तिकडे समुद्रावर घाम गाळतायत.

२१ मे

आज निघताना ती जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी. एक हात कठड्यावर. म्हणाली, "वहिनी, दुपारचे लाईट तुमच्याकडेही जातात का हो?"

टोमणा! खटक्याचा आवाज गेला असणार कानावर. माझी काटकसर काढतेय. मीही सोडली नाही. "जात नाहीत गं, मीच पाडते. रोज! आम्हाला नाही परवडत दिवसाढवळ्या रोषणाई."

तिनं दुसरा हातही कठड्यावर ठेवला. मग म्हणाली, "असं होय." आणि वळून वर गेली.  कित्येक महिन्यांनी तिला गप्प केलं मी. दुकानात दिवसभर गुणगुणत होते. मालकीणबाई म्हणाल्या, "आज स्वारी खुशीत!"

२८ मे

लिहू नये वाटतंय. पण नाही लिहिलं तर फुटेन.

दुपारी दुकानात होते. पुढच्या काचेतला नमुन्याचा पडदा बदलायचा होता म्हणून शिडीवर चढले होते. तोंडात पडद्याचे हुक. समोरच्या चौकात हे! ऑफिसच्या वेळात. आणि शेजारी ती. तिनं यांच्या कोपराला धरलेलं. धरलेलं म्हणजे नुसता हात लावलेला नाही, घट्ट धरलेलं. हे तिला जपून, एक एक पाऊल, रस्ता पार करून नेत होते. मधे कुठलीशी रिक्षा आली तर यांनी तिला हाताने अडवलं, मग पुन्हा चालायला लागले. काहीतरी सांगत होते तिला. ती हसली.

माझ्याबरोबर रस्त्याने जाताना हे चार पावलं पुढे असतात. कायम! मागे वळून बघतसुद्धा नाहीत. मी आपली पिशव्या सावरत मागून. माझ्या कोपराला यांनी शेवटचा हात कधी लावला ते मला आठवत नाही.

हुक गिळला असता मी तोंडातला. खाली उतरले, पडदा लावायचा राहिला. मालकीणबाईंना म्हटलं, चक्कर आली.

संध्याकाळी विचारलं, आज ऑफिसात काय काय झालं? "नेहमीचंच." सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले. नेहमीचंच!

म्हणजे शेगडी, बिल वाचायला वर जाणं, 'शिक जरा तिच्याकडून', सगळं एकाच माळेतलं. आणि मी बिलाची चिंता करत बसले. वेडी!

३० मे

जेवण जात नाही. वरून रेडिओ ऐकू येतो, आणि तिचं चालणं. एक एक पाऊल मोजून टाकल्यासारखी चालते. ऐटीत. मी धावतपळत कामं करते म्हणून माझी चाल घोड्यासारखी झाली. तिच्या पायांना काय घाई!

यांच्याशी बोलणं 'मीठ द्या'पुरतं. यांना फरकही जाणवला नाही.

३ जून

बिल आलं. उतरलं! धाडकन उतरलं! खटक्याने काम केलं. इतके दिवस ह्या कागदाची वाट बघितली आणि आज तो हातात धरून नुसती बसून राहिले.

यांना दिलं. "अरे वा! जमलं की तुला." एवढंच. आणि तिचं बिल खिशात घालून वर गेले, वाचून दाखवायला. बराच वेळ आले नाहीत.

माझं बिल कोणी वाचून दाखवलं मला कधी?

९ जून



हे सकाळी म्हणाले, आज लवकर सुटणार. मला वाटलं, सुटणार आणि कुठे जाणार ते मला माहीत आहे. बाराला नेहमीसारखी निघाले, कुलूप लावलं, खटका पाडला. दुकानात जीव लागेना. तीनला मालकीणबाईंना डोकं दुखतंय सांगितलं आणि निघाले. आज समोरासमोर होऊन जाऊ दे. चपला खाली काढल्या आणि तशीच जिना चढले. कितीतरी महिन्यांनी.

दार नुसतं लोटलेलं. आत अंधार. वरच्या मधल्या खोलीला खिडकी नाहीच, दुपारीही तिथे तळघरासारखं असतं. दारातून येणाऱ्या उजेडात ती दिसली. खोलीच्या मधोमध जमिनीवर बसली होती. एकटी. हे नव्हते. मनगट धरून बसली होती, ते सुजलेलं. शेजारी पाण्याचं भांडं लवंडलेलं.

तिनं मान वर केली. माझ्याकडेच. मी दारात, तिच्यापासून दोन हातांवर. म्हणाली, "दादा? आलात?" यांना ती दादा म्हणते.

 मला वाटलं, नाटक करतेय. मग तिचे डोळे बघितले. ते माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी बघत होते.

"लाईट गेलेत," ती म्हणाली. "अंधार झाला की मला काहीच उमगत नाही हो. पाणी घ्यायला उठले आणि पडले. फार नाही लागलं. वहिनींना नका सांगू. त्यांना वाईट वाटेल."

मला वाईट वाटेल! हा विचार हिच्या मनात! मी मागच्या मागे उतरले. चोरासारखी. भिंतीला हात लावत.

कुलूप काढून घरात आले. फ्रीज उघडून बाटली काढली, घटाघटा प्यायले, आणि बाटली हातातच राहिली. फ्रीजमधला दिवा चालू होता.

मी खटका वर केलाच नव्हता.

पंख्याचं बटण दाबलं. फिरला. ट्यूब लावली. लागली. जिन्याखाली धावले. 'खाली' लिहिलेला खटका खालीच होता. दोन्ही हातांनी वर ढकलला.

वर रेडिओ सुरू झाला.

रात्री, तेच पान

यांना विचारलं, तिच्या डोळ्यांना काय झालंय? यांनी चष्मा काढून खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. वर्ष होऊन गेलं. आधी संध्याकाळचं दिसेना, मग कडेचं, आता भरपूर उजेड असला तरच समोरचं तेवढं दिसतं. नोकरी त्यासाठीच सुटली. गॅसची ज्योत दिसत नाही म्हणून शेगडी. हे डॉक्टरकडे नेतात. डॉक्टर म्हणतात, आहे ते टिकवायचं, गेलेलं परत यायचं नाही. भाऊजींना कळवलं तर बोट सोडून येतील, म्हणून तिनं यांना शपथ घातली.

मला का नाही सांगितलं, विचारलं. हे म्हणाले, "तीच नको म्हणाली. वहिनी भांडतात तेच बरं, म्हणाली. त्या सांभाळून घ्यायला लागल्या तर मी खरंच आंधळी झाले असं वाटेल."

खटक्याचं मी यांना सांगितलं नाही. 

११ जून

हे ऑफिसला गेल्यावर वायरमनला बोलावलं. बोर्ड उघडून तो हसायलाच लागला. "ताई, वायरी उलट्या जोडल्यात. बोर्ड काढून बसवला तेव्हाचं काम. तुमच्या मीटरवर वरचं घर, त्यांच्या मीटरवर तुमचं. वर्षभर तुम्ही एकमेकींची बिलं भरताय!"

म्हणजे ते निम्मं बिल माझं होतं! माझं! जी बाई निम्म्यात घर चालवत होती ती मी. वर्षभर मी स्वतःच्याच नावाने बोटं मोडत होते. आणि एप्रिलमध्ये जे उतरलं तेही माझ्याच कोमट अंघोळींनी. जिंकले की मी!

आणि मेमधलं जे उतरलं, ते तिच्या अंधारातून.

"दोन मिनिटांचं काम आहे, सरळ करून देतो," वायरमन म्हणाला. मी त्याचा पक्कड धरलेला हात धरला. सरळ केलं तर पुढचं मोठं बिल तिच्या नावावर जाणार. भाऊजी तिकडून मोबाईलवर भरतात. ते विचारणार, एकटी बाई इतकी वीज जाळते कशाला? आणि मग तिला सांगावं लागणार.

म्हटलं, राहू दे तसंच. कोणाला बोलू नका. तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत गेला.

१३ जून

पुढच्या महिन्यात आमचं बिल पुन्हा चढणार. हे म्हणणार, ढिली पडलीस. म्हणू देत. तिचं उतरलेलं असणार, हे म्हणणार, शिक जरा. म्हणू देत. ऐकून घेईन, आणि चेहऱ्यावर काही दिसू देणार नाही. खटक्याला तर हातही लावत नाही आता.

एवढं मोठं मन केलं आणि ते कोणाला सांगायचीही सोय नाही! पण खरं सांगायचं तर बरं वाटतंय. उद्या वर जाईन. मनगट कसं आहे विचारायचं नाही, मला ते माहीतच नाही. काहीतरी भांडण काढेन. दिवे का गं जाळतेस दिवसा, म्हणेन. तिला हवंय तसं.

१४ जून

गेले होते. सगळे दिवे लावून ती चहा करत होती, चाचपडत. भांडायला तोंड उघडणार तोच पाठमोरीच म्हणाली, "वहिनी, हल्ली खटका पाडत नाही तुम्ही."

मी ओट्यावरची साखरेची बरणी उगाच तिच्याजवळ सरकवली.

"रोज ऐकायचे मी. आधी तुमचं कुलूप, मग खटका, मग अंधार. त्या दिवशी दारातही तुम्हीच होतात, दादांचा श्वास ओळखते मी. दादांना काही बोलले नाही हं. म्हटलं, दमल्या की थांबतील."

मला माहीत नव्हतं, म्हणाले. वायरी उलट्या आहेत म्हणाले, रंगारी, बोर्ड, फ्रीजचा दिवा, काय काय बोलत सुटले. खाली जाऊन खटका पाडून दाखवते म्हणणार होते. पण त्याने काय दिसणार तिला? पुन्हा अंधार. तो तर तिनं रोज बघितलाय.

तिनं सगळं ऐकून घेतलं. कप माझ्या बाजूला सरकवला. "असू दे हो वहिनी," म्हणाली. "झालं ते झालं."

तिचा विश्वास बसला नाही.